भिंतीतल्या मुंग्या

दिवाळी अंकात एखादी गूढकथा नसली तर फराळाच्या ताटात चिवडा नसल्यासारखे वाटते. घरातली वडीलधारी माणसे अंक हाती घेतात ती कोणाकोणाचे लेख आहेत ते पाहण्यासाठी. पण दुपारी तोच अंक एकाएकी नाहीसा होतो आणि माडीवर नाही तर माजघरात कोणाच्या तरी हाती सापडतो, तो या कथेसाठी. अशा कथेत एक पात्र आपल्याला वारंवार भेटते. हा माणूस असतो एक आणि दिसतो दुसराच. शत्रूच्या गडावर तो गोसावी होऊन जातो, दरोडेखोरांच्या अड्ड्यावर आचारी होऊन राहतो, सावकाराच्या पेढीवर कारकून होऊन बसतो. महिना लोटतो, दोन महिने लोटतात. त्याला कोणी ओळखत नाही. शेवटच्या पानावर तो दाढी काढतो आणि सगळे थक्क होतात. आपणही होतो. पण अंक मिटल्यावर एक साधा प्रश्न उरतो. त्याला इतके दिवस कोणी ओळखले कसे नाही?

हा प्रश्न मला क्षुल्लक वाटत नाही. हेर कसा लपतो हे ठरवताना लेखक नकळत दुसरेही एक ठरवीत असतो. ज्या लोकांमध्ये तो लपतो ते लोक कसे आहेत, याचा निवाडा त्यात होऊन जातो. म्हणून हेरकथेची परीक्षा करताना मी हेराकडे कमी आणि त्याच्या भोवतालच्या माणसांकडे अधिक पाहतो.

माझी कसोटी गावरान आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातला. आमच्याकडे परका माणूस फाट्यावर एस.टी.तून उतरला की पारापर्यंत पोहोचेतो त्याला तिघेजण विचारतात, "कुठचे होय पाव्हणे?" गावाचे नाव सांगून सुटका होत नाही. त्या गावात कोणाचे, इकडे कोणाकडे, कशासाठी, आणि मग "म्हणजे आमच्या अमक्याच्या साडभावाचे तुम्ही कोण?" असा धागा निघतो. दोन गाठींच्या आत खरे-खोटे कळते. बोलीचे तर विचारूच नका. पुसदकडचे बोलणे वेगळे, वणीकडचे वेगळे. बंजाऱ्यांच्या तांड्यावर गोरबोली, कोलामांच्या पोडावर कोलामी, आणि पैनगंगेपलीकडे गेले की कानावर तेलुगू येते. पुण्याचा हेर येथे वऱ्हाडी होऊन यायचा म्हणेल, तर पहिल्या वाक्यालाच शेजारचे म्हातारे मान वर करून पाहील.

तरीही या गावात परके येतात आणि त्यांना कोणी अडवीत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत दूरदूरचे मजूर येतात. बांगड्यांचा कासार येतो, कल्हईवाला येई, वासुदेव येतो, डमरू वाजवीत गोसावी येतो. यांना गाव पाहत नाही असे नव्हे. गाव त्यांना पाहते, पण विचारीत नाही. कारण येण्याचे कारण त्यांच्या हातातच असते. गावाच्या व्यवहारात त्यांच्यासाठी एक जागा आधीपासून रिकामी ठेवलेली असते. हेराला लपायचे असेल तर अशा जागेतच लपता येईल. ही जागा ज्या लेखकाला ठाऊक नाही त्याने कितीही मिशा चिकटवल्या तरी त्या गळून पडतात.

मिशांवरून बाबूराव अर्नाळकरांची आठवण होणे अपरिहार्य आहे. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणारा हा लेखक अनेक घरांत दारामागे उभे राहून वाचला गेला. झुंजार आणि काळा पहाड ही त्यांची माणसे गिरणीतल्या कामगारापासून शाळकरी पोरापर्यंत सर्वांच्या ओळखीची होती. त्यांच्या कथांतली वेषांतरे विद्वानांनी पुष्कळ हसण्यावारी नेली. मला तो न्याय वाटत नाही. अर्नाळकरांचे जग मुख्यतः मुंबईचे. मुंबईत शेजारच्या खोलीतला माणूस रात्री किती वाजता येतो हे कोणी विचारीत नाही. लोकल गाडीत समोर बसलेल्याचा साडभाऊ कोण, याच्याशी कोणाला कर्तव्य नसते. त्या गर्दीत टोपी बदलली की माणूस बदलतो, हे सर्वस्वी खोटे नाही. चूक झाली ती त्यांच्या अनुकरण करणाऱ्यांची. त्यांनी तीच टोपी आणि तीच दाढी उचलून गावात नेली, गडावर नेली, अठराव्या शतकात नेली. तेथे ती शोभली नाही, आणि मग ती शोभावी म्हणून गावातल्या माणसांना आंधळे करावे लागले.

यापेक्षा किती वेगळ्या रीतीने हे काम करता येते ते पाहायचे तर विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षस' नाटकाकडे जावे. हरिभाऊ आपट्यांच्या 'चंद्रगुप्त' कादंबरीमुळे चाणक्य आणि राक्षस मराठी घरांत पूर्वीच परिचित झाले आहेत. नाटकात दोन्ही बाजूंचे हेर आहेत, आणि दोघेही आपापल्या धन्याला एकनिष्ठ आहेत. चाणक्याचा निपुणक यमाचे चित्रपट घेऊन घरोघर गाणी म्हणत हिंडतो. राक्षसाचा विराधगुप्त गारुडी होऊन पाटलीपुत्रात वावरतो. दोघांनीही दारोदार जाण्याची मुभा असलेला धंदा निवडला आहे, हे ध्यानात घ्यावे. निपुणक चंदनदासाच्या घरात शिरतो तो भिंत चढून नव्हे, दाराशी गाणे म्हणत. तेथे एक लहान मूल उत्सुकतेने बाहेर येते, आतली बाई घाईने त्याला मागे ओढते, आणि त्या गडबडीत तिच्या बोटातली राक्षसाची अंगठी गळून पडते. सगळे नाटक पुढे त्या अंगठीवर फिरते. एका आईची धांदल, एवढेच त्यामागचे कारण.

परंतु या नाटकातली मला सर्वांत आवडणारी जागा म्हणजे राक्षसाची माणसे कशी पकडली गेली त्याची हकीकत. विराधगुप्त ती आपल्या धन्याला सांगतो. चंद्रगुप्ताच्या शयनगृहाच्या भिंतीत भुयार करून बीभत्सक आणि त्याचे सोबती मारेकरी दबा धरून बसले होते. राजा येण्यापूर्वी चाणक्य त्या दालनात आला आणि त्याने चौफेर नजर टाकली. भिंतीच्या एका फटीतून मुंग्यांची रांग बाहेर येत होती आणि त्यांच्या तोंडात भाताचे कण होते. भिंतीला भात लागत नाही. आत माणसे आहेत हे त्याने ओळखले आणि दालनाला आग लावण्याची आज्ञा दिली. दुसरा होता प्रमोदक, शयनगृहाचा अधिकारी. राक्षसाने त्याला भरपूर द्रव्य दिले होते. ते मिळताच तो सढळ हाताने खर्च करू लागला. एवढा पैसा कोठून आला, असे विचारल्यावर त्याची उत्तरे एकमेकांशी जुळेनात. तोही संपला.

भात आणि पैसा! ज्या कोणा लेखकाला हेरकथा लिहायची असेल त्याने हे दोन शब्द टेबलासमोर लिहून ठेवावेत. लपलेला माणूसही जेवतो. त्याच्या जेवणाचे खरकटे कोठेतरी पडते. त्याच्याजवळ पैसे असतील तर ते कोठून आले याचा मेळ कोणीतरी घालतो. आणि नसतील तर तो जगतो कसा, हेही कोणीतरी विचारतेच. आमच्या गावात नव्या पाहुण्याबद्दल पहिली बातमी बहुधा किराणा दुकानातून फुटते. चाणक्याने ज्या गोष्टीवरून राज्य वाचवले ती कोणत्याही घरातल्या आजीला ठाऊक असलेली गोष्ट आहे. फडताळाभोवती मुंग्या दिसल्या की आत काय सांडले आहे हे ती उघडण्यापूर्वीच सांगते.

कौटिल्याच्या नावावर असलेल्या 'अर्थशास्त्रा'तही हीच जाण दिसते. त्यात हेरांचे जे प्रकार सांगितले आहेत त्यांत उपजीविका बुडालेला शेतकरी आहे आणि धंदा बसलेला व्यापारीही आहे. त्यांना जमीन द्यावी, भांडवल द्यावे आणि त्यांनी तेथे शेती आणि व्यापार करीत राहावे, असे ग्रंथकार सांगतो. शेतकऱ्याचे सोंग घेतलेल्याने शेती केलीच पाहिजे. तापसाच्या वेषातल्या हेराचा तर आहारही सांगितला आहे. लोकांदेखत त्याने महिन्या-दोन महिन्यांनी मूठभर जव किंवा भाजीपाला खावा. एकांतात मात्र हवे ते खावे. ही सूचना वाचताना हसू येते, पण तिच्यातला बारकावा विसरता येत नाही. साधूवर लोकांची श्रद्धा बसते ती त्याच्या भगव्या वस्त्रापेक्षा त्याच्या ताटाकडे पाहून, हे त्या ग्रंथकाराला पुरते ठाऊक होते.

आता आमच्या विदर्भाकडे वळतो. कारण लपलेला माणूस कसा ओळखावा याची सर्वांत सुंदर कथा आमच्याच भूमीची आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या कडेने वाहणारी वर्धा नदी आमच्याकडे येण्यापूर्वी अमरावती जिल्ह्यातल्या कौंडण्यपुराजवळून येते. लोकपरंपरा या गावाला विदर्भाची जुनी राजधानी कुंडिनपूर मानते. दमयंतीचे माहेर ते हेच. महाभारताच्या वनपर्वातले नलोपाख्यान आपण प्रेमकथा म्हणून वाचतो, पण तिच्या उत्तरार्धात शोधकथा दडलेली आहे. द्यूतात राज्य हरलेला, बायकोला रानात टाकून गेलेला नल कर्कोटक नागाच्या दंशाने कुरूप झाला आहे. बाहुक हे नाव घेऊन तो अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे सारथी म्हणून राहिला आहे. यापेक्षा पक्के वेषांतर कोणते असणार? येथे रंग धुतला जात नाही, दाढी उपटली जात नाही. देहच बदललेला आहे.

दमयंतीने त्याला शोधले कसे? प्रथम तिने देशोदेशी ब्राह्मण पाठवले. त्यांनी सभांमध्ये एकच प्रश्न म्हणत हिंडायचे, असा प्रश्न की ज्याचे मर्म फक्त नलालाच लागावे. अयोध्येच्या सभेत कोणी काही बोलले नाही. मागाहून एक आखूड हातांचा कुरूप सारथी पर्णाद नावाच्या ब्राह्मणाला एकांतात गाठून उत्तर देऊन गेला. मग दुसऱ्या स्वयंवराची हूल उठवून तिने ऋतुपर्णाला कुंडिनपुरास आणवले. एका दिवसात तेवढे अंतर रथ हाकून येणारा सारथी नलावाचून कोण असणार? आणि शेवटी तिने केशिनी दासीला बाहुकाच्या मागावर ठेवले. केशिनीने पाहिलेले चमत्कार पुष्कळ आहेत. पण दमयंतीचे समाधान झाले ते चमत्कारांनी नव्हे. तिने केशिनीकडून बाहुकाने शिजवलेले मांस मागवले आणि चाखून पाहिले. ती चव तिच्या जिभेला ठाऊक होती. त्यानंतर तिने दोन्ही मुलांना त्याच्याकडे पाठवले, आणि सारथ्याला रडू आवरेना.

देह बदलला, नाव बदलले, हुद्दा बदलला. हाताची चव बदलली नाही. या प्रसंगात पुन्हा स्वयंपाकच साक्षीला येतो, पण 'मुद्राराक्षसा'तल्यापेक्षा किती निराळ्या अर्थाने! तेथे अन्नाने शत्रू पकडून दिला, येथे अन्नाने नवरा परत दिला. आणि दमयंतीची बुद्धी कोठेही कमी लेखलेली नाही. नल लपू शकतो तो दमयंती भोळी आहे म्हणून नव्हे. तिच्यासारखी चतुर स्त्री शोधणारी आहे, म्हणून त्याच्या लपण्याला किंमत आहे. हेरकथेत शोधणारा जितका शहाणा तितका लपणारा मोठा होतो, हे तत्त्व आमच्या व्यासांना कोणी शिकवावे लागले नाही.

विराटाच्या घरी राहिलेल्या पांडवांचेही तसेच. त्यांनी अज्ञातवासासाठी जी सोंगे घेतली ती त्यांच्या अंगच्या गुणांतूनच निघालेली होती. युधिष्ठिर फाशांच्या खेळात राजाचा सोबती झाला, भीम आचारी झाला, अर्जुन नृत्यगायन शिकवू लागला, नकुल-सहदेवांनी घोडे आणि गाई सांभाळल्या. म्हणून ती सोंगे वर्षभर टिकली. दुर्योधनाचे हेर हात हलवीत परत आले. मात्र येताना त्यांनी एक बातमी आणली, ती कीचकाच्या मृत्यूची. लपण्याची कला कमी पडली नव्हती. द्रौपदीचा अपमान पाहून भीमाला गप्प बसवले नाही, एवढेच. चिखलदऱ्याला आजही कीचकाला दरीत टाकल्याची जागा दाखवतात. मला ती दरी पाहताना वाटते की वेष फाटावा तर असा, माणसातल्या चांगुलपणाने आतून रेटा दिल्यामुळे फाटावा.

हे सारे मोजमाप घेऊन आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांकडे आले की मन थोडे खट्टू होते. बहिर्जी नाईक हे नाव घेताच मराठी वाचकाची मान ताठ होते. सभासदाच्या बखरीत बहिर्जी जाधव नाईक सुरतेची खबर घेऊन येतो. १६६४ सालच्या सुरतेच्या मोहिमेमागे ती खबर आहे. बखरकाराने त्याला फार शब्द दिलेले नाहीत. हेराबद्दल कागदोपत्री कमी सापडावे हे एका परीने त्याच्या यशाचेच लक्षण. ही रिकामी जागा कादंबरीकारांनी, पोवाडेकारांनी, नाटककारांनी भरून काढली. कोणी त्याला फकीर केले, कोणी कोळी, कोणी वेडा भिकारी. त्याला माझी हरकत नाही. कादंबरीकाराचे कामच ते.

माझी तक्रार पुढची आहे. हा फकीर सुरतेत कोणती भाषा बोलला? रात्री कोठे निजला? खऱ्या फकिरांच्या पंगतीत बसला तेव्हा त्यांनी त्याला गुरूचे नाव विचारले नाही काय? एखाद्या म्हाताऱ्या गुजराती विणकराने त्याला भाकरी दिली असेल. त्या भाकरीचे ओझे त्याला वाटले नाही काय? हे प्रश्न टाळण्यासाठी पुष्कळ लेखक सोपी वाट धरतात. ते शत्रूच्या पहारेकऱ्याला झिंगवतात, किल्लेदाराला मूर्ख करतात, शहरातल्या हजारो माणसांना डोळे असून आंधळे ठेवतात. त्याने बहिर्जी मोठा होत नाही. वेडगळांना फसवणाऱ्याला कोणी हेरांचा नाईक करीत नाही. शिवाजीमहाराजांचा हा माणूस ज्यांच्यात वावरला ते लोक जागे होते, धूर्त होते, आपल्या घरादाराला जपणारे होते, असे दाखवले तरच त्याचे धाडस आपल्याला कळेल.

येथपर्यंत मी कारागिरीबद्दल बोललो. पण यात कारागिरीहून अधिक काही आहे, आणि ते वाल्मीकींनी फार पूर्वी सांगून ठेवले आहे. रावण सीतेच्या दाराशी आला तो संन्याशाच्या वेषात. सीतेने त्याचे आदरातिथ्य केले. ती फसली ती मूर्खपणाने नाही. दारी आलेल्या संन्याशाला विन्मुख पाठवू नये, हा तिचा धर्म होता. त्या धर्माच्या उंबरठ्यावरूनच रावण आत आला. पुढे अशोकवनात हनुमान येतो. झाडावर बसून तो विचार करतो की आपण विद्वानासारखे संस्कृत बोललो तर ही आपल्याला रावण समजून भिईल. म्हणून तो माणसांच्या साध्या भाषेत बोलायचे ठरवतो, आणि प्रथम रामाची कथा सांगतो. तरीसुद्धा सीतेला शंका येतेच. हा रावणच तर नव्हे? खऱ्या दूताला आपला खरेपणा पटवून द्यावा लागतो, कारण आधी एक खोटा येऊन गेला आहे.

गोसाव्याचा वेष घेतलेला हेर आपले काम साधून निघून जातो. पण त्याच दारी उद्या खरा गोसावी येणार असतो. त्याची किंमत कोण देतो? कथेत हा प्रश्न क्वचितच येतो. प्रत्यक्षात तो येऊन गेला आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा गावी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठार मारले. ती भिक्षा मागून पोट भरणारी माणसे होती. मुले पळवणारी टोळी हिंडते आहे अशी अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून पसरली होती, आणि गोसाव्याच्या वेषात गोसावी नसेल एवढा संशय पुरेसा झाला. हे कथा-कादंबऱ्यांमुळे घडले असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे वेडेपणाचे होईल. परंतु वेषाआड कोणीतरी दुसराच आहे ही कल्पना मनाला किती लवकर पटते, आणि वेषाआड तोच आहे हे पटायला किती वेळ लागतो, ते त्या दिवशी दिसले. जो लेखक या कल्पनेशी खेळतो त्याने ती जपून हाताळावी, एवढे तरी आपण मागू शकतो.

याच ठिकाणी मला आमच्याकडच्या बहुरूप्याचा मोठेपणा जाणवतो. बहुरूपी पोलीस शिपाई होऊन येतो, काठी आपटतो, खोटे वॉरंट काढतो, "चला चावडीवर!" म्हणून दरडावतो. लहान मुले आईच्या पदराआड जातात, मोठी माणसे हसतात आणि सुपातून ज्वारी आणून त्याच्या झोळीत ओततात. त्याने घातलेला वेष खोटा आहे हे सर्वांना ठाऊक असते आणि त्या ठाऊक असण्यावरच त्याचे पोट चालते. त्याला कोणी ओळखले नाही तर त्याचा धंदा बुडेल. हेर आणि बहुरूपी हे एकाच विद्येचे दोन विद्यार्थी. पण एकाची विद्या गावाचा विश्वास खर्च करते आणि दुसऱ्याची तो वाढवते. कादंबरीकार या दोघांपैकी कोणाच्या जवळचा? माझ्या मते बहुरूप्याच्या. तोही सांगूनसवरून सोंग आणतो, आणि आपण जाणूनबुजून त्याला जोंधळे देतो.

तेव्हा वाचकांनी या दिवाळीत गूढकथा जरूर वाचाव्यात, चांगल्या मनसोक्त वाचाव्यात. फक्त वेषांतर केलेला नायक वाड्यात शिरला की क्षणभर थांबून घरातल्या माणसांकडे पाहावे. त्याला जेवण कोण वाढते? ती वाढणारी बाई लेखकाने डोळस ठेवली आहे काय? तिने त्याला आत घेतले ते अडाणीपणाने की माणुसकीने? आणि तो निघून गेल्यावर, दाराशी पुन्हा कोणी भिक्षेकरी उभा राहिला तेव्हा तिने काय केले? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देणारी एखादी गूढकथा मराठीत मला मनापासून वाचायची आहे. एखाद्या तरुण लेखकाने ती लिहावी, आणि पुढच्या एखाद्या दिवाळीला ती आमच्या घरीही दुपारी कोणीतरी उशाखाली दडवून न्यावी.